तांदळाच्या डब्यातली मरिया

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांत फरक काय?" मी चष्मा पुसून बोलायला लागेपर्यंत तुमची शाळेची बस आली. प्रश्न अर्धवट सोडायची मला सवय नाही, म्हणून लिहून पाठवते. तुमची आई वाचून दाखवेल. वाचताना ती मध्येच हसू दाबू लागली, तर तिला काही गाळू देऊ नका.

पुस्तकी उत्तर तुमच्याकडच्या कुठल्याही वाचनालयात मिळेल. मला ठाऊक असलेला फरक एका मे महिन्यात आमच्या महाडच्या घरी राहायला आला होता, आणि त्यातला बराचसा तांदळाच्या डब्यात उभा होता.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. माझे बाबा मिशनच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या शेतकरी घरातला त्यांचा जन्म. विशीत ते प्रॉटेस्टंट झाले. त्या दिवशी त्यांच्या आईनं सांगितलं, "माझ्या ओटीवर पाय ठेवू नको." बाबांनी ठेवला नाही. माणसं दोन्ही एका शब्दाची. चौदा वर्षं ती एकमेकांशी बोलली नव्हती.

बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झाली आणि मुंबईला एका कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. काही वर्षांनी तिचं पत्र आलं, "दादा, मीही ख्रिस्ती झाले." बाबांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी वर्गातल्या मुलांना तासभर आधी सोडून दिलं. घरी आल्यावर पत्राची दुसरी बाजू वाचली. तिथं फादर होते, मदर होत्या आणि पवित्र मरिया होती. त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. आई म्हणायची, "वन्सं हिंदू राहिल्या असत्या तर निदान यांनी एक भाकरी तरी खाल्ली असती."

आता आमच्या घरची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रोज दिवेलागणीला, ताटं वाढायच्या आधी, आम्ही चटईवर बसून प्रार्थना करायचो. पाठ केलेली चालायची नाही. स्वतःच्या शब्दांत, मनापासून, मोठ्यानं. "परमेश्वराला पाठांतर नको, अंतःकरण पाहिजे," असं बाबा म्हणत. शिवाय घरात एक नियम होता. प्रार्थनेत कुणी काहीही बोललं तरी त्याला उत्तर द्यायचं नाही, कारण ते देवाशी बोलणं, आपल्याशी नव्हे.

हा नियम किती सोयीचा आहे ते घरात प्रत्येकाला कळलं होतं. बाबा प्रार्थना करत, "हे प्रभू, या घरात कुणीतरी गुळाच्या डब्यात बोट घालतं, त्याला पश्चात्ताप दे." माझे कान गरम व्हायचे, पण बोलायची सोय नाही. आई अगदी हळू आवाजात म्हणायची, "हे प्रभू, घरातलं मीठ परवाच संपलं हे तुला ठाऊकच आहे." दुसऱ्या दिवशी मीठ यायचं. मीही शिकले. लाल रिबिनी, नवी पाटी, शेजारणीच्या घरच्या पिल्लाला पाळायची परवानगी, सगळं मी वरच्या वाटेनं बाबांना कळवत असे. पिल्लू मिळालं नाही. बाकी मिळालं.

अशा घरात त्या मे महिन्यात आत्या रजेवर आली. ती नेहमी आधी पोलादपूरला उतरून वाडीवर आजीकडे दोन दिवस राहायची, मग महाडला यायची. डोक्यावर फणस, हातात ट्रंक. दारातूनच ओरडली, "दादा, आईनं फणस दिलाय आणि सांगितलंय की आईनं दिला म्हणून सांगू नको."

"बाजारातला दिसतो," असं म्हणून बाबांनी फणस वास घेऊन आत ठेवला. मुंबईला परतण्याआधी आत्या पुन्हा वाडीवर जाऊन यायची, तेव्हा तिच्याबरोबर आजीच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली जायची. ती बाटलीही बाजारातलीच असायची, कुणीही दिलेली नसायची. चौदा वर्षं असं चाललं होतं.

आत्यानं ट्रंक उघडली. तिच्यात साड्या होत्या, खोबरेल तेलाच्या बाटलीत भरलेलं पवित्र पाणी होतं, काळ्या मण्यांची जपमाळ होती आणि एका परकरात गुंडाळलेली वीतभर उंचीची निळ्या पदराची मरिया होती. सगळ्यात खाली एक छापील फॉर्म होता. तो माझा होता.

तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. मला तेवढा धीर नव्हता. बाबांजवळचं एक जुनं इंग्रजी वाचनाचं पुस्तक मी पाठ केलं होतं, आणि पुढचं पुस्तक महाडात कुणाकडेच नव्हतं. आत्याच्या कॉन्व्हेंटची शाळा होती, राहायची सोय होती, आणि मदरनं एक जागा राखून ठेवली होती. बाबांची सही झालेला फॉर्म घेऊन आत्याला रजा संपायच्या आत परतायचं होतं. बारा दिवस. मला ती जागा इतकी हवी होती की त्या रात्री मी गुळाच्या डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाबा नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणणं सोपं असतं, त्यावर भांडता येतं. ते म्हणाले, "मी प्रार्थना करीन. मार्गदर्शन मिळालं की सही करीन." आणि मरियेकडे बोट दाखवून म्हणाले, "पण ही मूर्ती माझ्या घरात मांडायची नाही."

"मांडत नाही," आत्या म्हणाली. "ठेवते."

तिनं ती तांदळाच्या मोठ्या डब्यात ठेवली. गळ्यापर्यंत तांदळात, चेहरा तेवढा वर. डब्याचं झाकण लागत होतं, म्हणजे तक्रारीला जागा नव्हती. पण रोज दोन वेळा तांदूळ काढायची ती माझी आई. पहिल्या दिवशी ती दचकली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडताना मी तिला पुटपुटताना ऐकलं, "जरा सरका हं बाई." चौथ्या दिवशी ती डब्याशी चांगली पाच मिनिटं उभी होती. तांदूळ दोन वाट्याच काढले.

पहिल्याच संध्याकाळी उपासनेत घोळ झाला. बाबांनी मोठ्या मनानं आत्याला सुरुवात करायला सांगितलं. तिनं येशूनं शिकवलेली प्रार्थना म्हटली. ती दोन्हीकडे एकच, म्हणून आम्ही सगळे तिच्याबरोबर म्हणू लागलो. शेवटी आत्या थांबली आणि आम्ही पुढे निघालो, कारण आमच्याकडे शेवटी आणखी एक ओळ असते. आत्यानं डोळे उघडून, गाडी चुकलेल्या माणसासारखं आमच्याकडे पाहिलं.

"हे शेपूट कुणी जोडलं?" तिनं नंतर विचारलं.

"जोडलं नाही. तुम्ही तोडलंत," बाबा म्हणाले.

मग बाबांनी तिला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला सांगितलं. आत्या बसून राहिली. तिचे ओठ हलले, पण शब्द येईना. "दादा, मला नाय जमत. मी देवाला काय नवं सांगणार? जुनंच नीट म्हणते." आणि ती मणी ओढू लागली. बाबांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी डोळे किलकिले करून पाहिलं. आपल्या बाजूला एक गुण जमा झाला, असं ते समाधान होतं.

त्या दिवसापासून घरात दोन्ही बाजूंनी देवाकडे अर्ज जाऊ लागले. बाबा लांबलचक प्रार्थना करत, "हे प्रभू, तुझी इच्छा असेल तरच, आणि या मुलीच्या भोळ्या मनावर मण्यांचा नि मूर्तींचा परिणाम होणार नसेल तरच..." देवाचाही विरोध आहे हे त्यांच्या आवाजावरूनच कळायचं. तिसऱ्या दिवशी आत्यानं जाहीर केलं की ती नोव्हेना धरते आहे. नोव्हेना म्हणजे एका मागणीसाठी ओळीनं नऊ दिवस प्रार्थना.

"परमेश्वराला मुदत घालतेस?" बाबा कडाडले.

"मुदत त्याला नाय, मला. नऊ दिवस मी हटणार नाय एवढंच सांगते त्याला."

"आणि मोजून कशाला म्हणायची प्रार्थना?"

"तू न मोजता म्हणतोस म्हणून रोज वरण गार होतं."

आईला अचानक खोकला आला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

बाबांना सगळ्यात जास्त राग यायचा तो मध्यस्थांचा. मरियेला सांगायचं, संतांना सांगायचं, फादरजवळ कबुली द्यायची, हे कशासाठी? एका दुपारी करवंदं निवडताना ते मला समजावत होते, "बाळ, आपल्यात कुणी मध्ये लागत नाही. मी थेट मालकाशी बोलतो."

"थेट?" आत्या आतून म्हणाली. "चर्चच्या पाळकसाहेबांकडे रजा मागायची तर पाळकीणबाईंच्या कानावर कोण घालतो? वहिनीला मेथीची जुडी घेऊन कोण धाडतो?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? पाळकसाहेब तर शेजारच्या गल्लीत राहतात. तिथंही तुला बाई लागते मध्ये. देव तर किती लांब."

बाबांनी एक किडकं करवंद तोंडात टाकलं आणि ते किडकं आहे हे मान्यही केलं नाही.

मी मात्र काळजीत होते. दिवस सरत होते. कुणाची बाजू घ्यावी कळेना, म्हणून मी दोन्ही घेतल्या. उपासनेत स्वतःच्या शब्दांत मागायची आणि पाठीमागे हात नेऊन बोटांच्या पेरांवर आत्याचे मणी मोजायची. एका हाताला बारा पेरं असतात, माळेतला एकेक गट दहा मण्यांचा. उरलेल्या दोन पेरांवर मी बाबांसाठी मागत असे. त्यांना लवकर सुबुद्धी सुचो, असं.

नोव्हेनाच्या आठव्या संध्याकाळी बाबांकडे नवं कारण निघालं. दिवसभर त्यांनी ते शोधलं असावं. डोळे मिटून ते म्हणाले, "हे प्रभू, मुलीला परमुलखी पाठवायचं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारायला हवं. माझी आई हयात आहे. तिची संमती असल्याशिवाय मी सही कशी करू? तेव्हा माझ्या बहिणीला तू अशी बुद्धी दे, की तिनं उद्याच वाडीवर जाऊन विचारून यावं."

पाहा, कसा होता हा माणूस. चौदा वर्षं प्रॉटेस्टंट, पण आईला विचारल्याशिवाय पोरगी घराबाहेर पाठवणार नाही, आणि विचारायला पुन्हा बहीण. आजी नाही म्हणेल याची त्यांना खात्री होती. मला रडू फुटणार होतं. पण प्रार्थनेला उत्तर द्यायचं नसतं.

आत्यानं उत्तर दिलं. तिनं डोळे घट्ट मिटले, मणी मांडीवर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत प्रार्थना केली.

"देवा, माझ्या दादाचा निरोप तुझ्याकडनं मला पोचला. त्याला उलटा निरोप दे की मी जाणार नाय. चौदा वर्सं फणस खाली आणि तेल वर करून माझी मान मोडली. त्याच्या धर्मात मध्ये कुणी लागत नाय म्हणतो, तर त्यानं थेट जावं. आईचं घर तुझ्या घरापेक्षा जवळ हाय. आमेन." आणि घाईघाईनं क्रुसाची खूण करून ती मोकळी झाली.

वरण त्या दिवशी गरम होतं, पण जेवलं कुणी नीट नाही.

सकाळी बाबा काळा कोट घालून, छत्री घेऊन तयार होते. मे महिन्यात काळा कोट! मी फॉर्म चार घड्या करून परकराच्या खिशात ठेवला. आम्ही तिघं एस.टी.नं पोलादपूरला उतरलो आणि वाडीची वाट चढू लागलो. शेवटच्या चढाआधी एक ओढा आहे, उन्हाळ्यात कोरडा. तिथं आंब्याखाली आत्या बसली आणि तिनं माळ काढली.

"चल की," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मी कशाला? थेट जा," आत्या म्हणाली. मला जवळ ओढून कानात म्हणाली, "तू जा गो त्याच्याबरोबर. नायतर अर्ध्यातनं परत फिरेल नि मार्गदर्शन मिळालं म्हणेल."

आजी खळ्यात बसून आठळ्यांना माती लावून वाळत घालत होती. फणसातल्या बिया अशा ठेवल्या की पावसाळाभर पुरतात. तिनं मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि पुन्हा आठळ्यांकडे वळली. बाबा ओटीपासून दहा पावलांवर थांबले. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. आणि मग त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, हात जोडले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

हो, आजीसमोर उभं राहून, आजीशी बोलायचं सोडून, देवाशी. शुद्ध पुस्तकी मराठीत. "हे दयाळू परमेश्वरा, ज्या माउलीनं मला जन्म दिला तिच्यापुढे मी आज उभा आहे. तिच्या मनातला माझ्याविषयीचा रोष..." पाच मिनिटं तरी चाललं असेल. त्यात आजीचे गुडघे आले, माझं शिक्षण आलं, वडील गेले तेव्हा येता आलं नाही ते आलं. एक कोंबडी त्यांच्या बुटावर चढून उतरली. आजीचे हात आठळ्यांवर थांबले होते. मी एकदा डोळे उघडून पाहिलं. ती एकटक त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत होती.

"आमेन," बाबा म्हणाले, आणि डोळे मिटलेलेच ठेवले.

"झाला?" आजीनं विचारलं. "मग आता डोळं उघड. देव वर हाय, मी हितं हाय. त्याला सांगितलंस ते मला सांग."

बाबांनी डोळे उघडले. मी त्यांना वाडीच्या बोलीत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "आये, पोरीला शिकायला मुंबयला धाडू?"

"मग धाड की रे. एवढं इचारायला चौदा वर्सं लागली?" तिनं हातची माती झटकली. "आणि तिथं उन्हात उभा राहून देवाला कशाला ताप देतोस? वर ये."

बाबांनी बूट काढले. कोट घातलेलाच होता. ते ओटीवर चढले आणि लहान मुलासारखे भिंतीला टेकून बसले. आजीनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, गुळाचा खडा ठेवला, आणि मग चौकशीला बसली.

"ही शाळा कुणाची? बायेच्या देवाची?" आजी आत्याला बाय म्हणायची.

"हो. त्यांची."

"त्या देवाची बाई मी पाहिलीय. बाय घेऊन आलेली दाखवायला. पदर हाय, कडेवर पोर हाय, बरी हाय. तू आलास तेव्हा हातात नुसतं पुस्तक. तुझ्या देवाला तोंडच नाय, तर मी भांडू कुणाशी?" ती पुढे वाकली. "तर सांग, पोरगी जाते तिथल्या देवाला तोंड हाय ना?"

बाबांनी गूळ गिळला. सगळे सुवार्तिक, सगळे पाळक, सगळी उपदेशाची पुस्तकं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असणार.

"हाय, आये," ते म्हणाले. "तोंड हाय."

मी त्याच क्षणी फॉर्म काढला. उशीर केला असता तर त्यांना खुलासा सुचला असता. आजीनं सूप पालथं करून दिलं, त्यावर फॉर्म ठेवून बाबांनी आपल्या वळणदार अक्षरात सही केली. सुपाच्या विणीमुळे त्या सहीला बारीक लाटा आल्या आहेत. शाळेनं तो कागद पुढे मला परत दिला, तो माझ्या कपाटात आहे. तुम्ही आलात की दाखवीन.

खाली ओढ्यापाशी आत्या शेवटच्या मण्यांवर होती. आमचे चेहरे पाहूनही तिनं घाई केली नाही. मोजून पूर्ण केले, मग विचारलं, "झाली?"

"मार्गदर्शन मिळालं," बाबा म्हणाले.

"नवव्या दिवशी," आत्या म्हणाली.

पोलादपूर येईपर्यंत त्यांचा वाद चालू होता, आणि दोघांच्या डोक्यावर आजीनं दिलेला एकेक फणस होता. या वेळी कुणी दिला ते सांगू नको, असा निरोप नव्हता.

मी मुंबईला गेले. पहिल्या महिन्यात फार रडले, ते वेगळं. मग बाबांचं पत्र आलं. त्यात आधी बायबलमधला एक भाग वाचायला सांगितला होता, मग माझ्या आधीच्या पत्रातल्या तीन इंग्रजी चुका सुधारल्या होत्या. त्याखाली लिहिलं होतं की दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते वाडीवर जातात, आणि आजीचं भांडण अजून संपलेलं नाही. आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारख्या दोन ओळी:

"तुझ्या आत्याची एक वस्तू घरी राहिली आहे. तुझी आई हल्ली तांदूळ काढायला फार वेळ लावते, पण मी डब्यात पाहत नाही."